शिक्षकाने स्वतः तयार केलेले संकेतस्थळ वर्गातील शिकण्याला कसे उपयोगी पडेल?

प्रश्न : भूगोल शिक्षिका, पर्वती

नमस्कार. मी पुण्यातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत आठवी व नववीला भूगोल शिकवते. मे महिन्याच्या सुट्टीत मी गूगल साइट्सवर माझ्या विषयाचे छोटे संकेतस्थळ तयार केले. प्रत्येक पाठाचे टिपण, स्वाध्यायाची उत्तरे, नकाशे आणि परीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचे प्रश्न अशी त्याची मांडणी आहे. हे सारे टंकलिखित करण्यात पूर्ण सुट्टी गेली. परंतु मुलांना घरी बसून अभ्यास करता येईल, या विचाराने मी ते आनंदाने केले.

पहिल्या घटक चाचणीनंतर आठवीच्या वह्या तपासताना मला धक्का बसला. ‘स्थानिक वेळ व प्रमाण वेळ’ या पाठाच्या टिपणात भारताचे प्रमाण रेखावृत्त ८२°३०′ पूर्व याऐवजी ८२°३०′ पश्चिम असे माझ्या हातून टंकले गेले होते. अठरा वह्यांमध्ये तेच ‘पश्चिम’ जसेच्या तसे उतरले होते. पाठ्यपुस्तकात बरोबर माहिती छापलेली आहे, वर्गात मी नकाशावर बोट ठेवून ती दाखवली होती, पृथ्वीगोल फिरवून पूर्व-पश्चिम समजावले होते. तरीही एकाही मुलाला पश्चिम रेखावृत्तावर भारत असणे विचित्र वाटले नाही. चूक माझी होती आणि ती मी त्याच दिवशी वर्गात कबूल करून दुरुस्त केली. तेव्हापासून मनात प्रश्न आहे, की या संकेतस्थळाने मुलांना शिकायला मदत केली की विचार करण्यापासून त्यांची सुटका केली?

पानांना भेट देणाऱ्यांचे आकडे पाहिले, तर चाचणीच्या आदल्या संध्याकाळी ते एकदम वाढतात आणि एरवी जवळजवळ शून्य असतात. ज्यांनी असा प्रयोग काही वर्षे केला आहे, त्यांनी कृपया सांगावे, की अशा संकेतस्थळावर काय ठेवावे, काय ठेवू नये आणि वर्गातील तासाशी त्याची सांगड कशी घालावी.

उत्तर १ : विज्ञान शिक्षक, कोथरूड

बाई, आपण वह्यांतील ‘पश्चिम’ इतक्या प्रांजळपणे सांगितलेत, म्हणून मीही माझा अनुभव सविस्तर लिहितो. माझे संकेतस्थळ सहा वर्षे चालू आहे आणि त्यातील पहिली दोन वर्षे मी नेमके आपण केले तेच करत होतो. माझ्या मते मुलांचा यात दोष नाही. पानावर उत्तर तयार असेल तर मूल ते उतरवणारच. मोठी माणसेही तेच करतात. ज्या पानामुळे मूल फोन खाली ठेवून उठते, काहीतरी मोजते, पाहते, कुणाला तरी विचारते आणि मग परत येऊन लिहिते, ते पान वर्गाच्या कामाचे.

आपल्याच पाठाचे उदाहरण देतो, कारण आमच्या शाळेत भूगोलाच्या बाई आणि मी मिळून तो विषय संकेतस्थळावर घेतला होता. आम्ही टिपण काढून टाकले आणि एकच प्रश्न ठेवला : ‘आपल्या शाळेच्या मैदानावर काठीची सावली सर्वांत आखूड नेमकी किती वाजता होते?’ त्याखाली एक रिकामा तक्ता होता. बहुतेक मुलांनी अंदाज लिहिला, बारा वाजता. मग चार-चार मुलांचे गट करून आम्ही मैदानात एक मीटर उंचीची काठी, म्हणजे आपल्या परंपरेतील शंकू, उभा केला. पहिल्या दिवशी मुलांनी दर पाच मिनिटांनी सावली मोजली आणि निष्कर्ष काहीच निघेना, कारण मध्यान्हाच्या आसपास सावलीची लांबी इतकी कमी बदलते, की पट्टीवर फरक कळत नाही. ही अडचणही आम्ही त्याच पानावर लिहिली आणि उपाय मुलांनाच विचारला. दोन दिवसांनी एका मुलीने सुचवले, की सावली आखूड होताना आणि पुन्हा तेवढीच लांब होताना अशा दोन वेळा घेऊन त्यांची मधली वेळ काढावी. ही शंकूभोवती वर्तुळ काढण्याची जुनीच पद्धत आहे. मात्र तिने ती वाचलेली नव्हती, तिला ती सुचली होती.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सावलीचे टोक वर्तुळाला सकाळी ११ वाजून २० मिनिटांनी आणि दुपारी १ वाजून १६ मिनिटांनी टेकले. मध्य १२ वाजून १८ मिनिटे. आता गणिताने काय यायला हवे ते पाहू. पुण्याचे रेखावृत्त सुमारे ७३°५१′ पूर्व आहे; प्रमाण रेखावृत्तापासूनचे अंतर ८°३९′; दर अंशाला ४ मिनिटे याप्रमाणे साडेचौतीस मिनिटांचा फरक. म्हणजे आपल्या घड्याळात मध्यान्ह १२ वाजून ३५ मिनिटांच्या सुमारास यायला हवी होती. सोळा-सतरा मिनिटे कुठे गेली? हा प्रश्न मुलांनी विचारला, आम्ही नव्हे. त्यासाठी तक्ता वर्षभर चालू ठेवावा लागला. २२ डिसेंबरला मध्यान्ह १२ वाजून ३३ मिनिटांच्या आसपास आली आणि एक मीटरच्या काठीची सावली तब्बल ९० सेंटिमीटर भरली. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मध्यान्ह १२ वाजून ४९ मिनिटांपर्यंत सरकली. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार असणे आणि तिचा आस कललेला असणे, या दोन कारणांनी हा फरक पडतो, हे सांगण्याची वेळ आली तेव्हा वर्गात प्रत्येकाला ते ऐकायचे होते. इतकी वर्षे शिकवूनही मी असा वर्ग क्वचित पाहिला आहे.

हा तक्ता कोणत्याही पाठ्यपुस्तकात मिळणार नाही, कारण तो आमच्या मैदानाचा आहे. शिक्षकाच्या संकेतस्थळावर काय ठेवावे, याचे माझे उत्तर यातच आहे : जे फक्त आपल्या वर्गातून येऊ शकते ते ठेवावे. बाकीचे इतरत्र अधिक चांगले उपलब्ध आहे. बालभारतीची पाठ्यपुस्तके पीडीएफ स्वरूपात विनामूल्य मिळतात, पुस्तकांतील क्यूआर कोडवरून ‘दीक्षा’ या शासकीय शैक्षणिक मंचावरील साहित्य उघडते, कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ प्रकल्पातील अनेक सिम्युलेशन, म्हणजे संगणकावर करून पाहायचे प्रयोग, मराठीत आहेत आणि ती उतरवून घेतली तर शाळेच्या संगणक कक्षात इंटरनेट नसतानाही चालतात, टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी हवी असतील, तर अरविंद गुप्ता यांचे संकेतस्थळ आहे आणि त्यांनी बरीच वर्षे ते काम आपल्या पुण्यातच, आयुका या खगोलविज्ञान संस्थेच्या विज्ञान केंद्रात केले. हे सारे आपण पुन्हा टंकलिखित करण्यात सुट्टी घालवू नये. फक्त दुवा द्यावा आणि त्यासोबत एक प्रश्न द्यावा.

दुव्यांविषयी एक सावधगिरी. एका पानावर पंधरा दुवे दिले, की मूल एकही उघडत नाही. १९९५ मध्ये सॅन डिएगो स्टेट युनिव्हर्सिटीतील बर्नी डॉज यांनी ‘वेबक्वेस्ट’ नावाची पद्धत मांडली, तिचा गाभा मला आजही योग्य वाटतो : शोधाशोध शिक्षकाने आधीच करून मोजके दुवे निवडावेत, विद्यार्थ्यांना एक खरे काम द्यावे आणि त्यांचा वेळ माहिती शोधण्यापेक्षा ती वापरण्यात जाऊ द्यावा. मी एका पानावर तीनपेक्षा जास्त दुवे देत नाही.

तासाशी सांगड घालण्याचा माझा नियम साधा आहे. सोमवारी पानावर प्रश्न येतो आणि गुरुवारचा तास मुलांनी आणलेल्या उत्तरांनी सुरू होतो. ती उत्तरे मी फळ्यावर लिहितो, चुकलेलीसुद्धा. ज्या आठवड्यात मी हे टाळले, त्या आठवड्यात पुढच्या पानाकडे कुणी फिरकले नाही. पानावर जे होते त्याची दखल वर्गात घेतली गेली, तरच मुले पानावर येतात. आपल्या भेटींचा आलेख चाचणीच्या आदल्या संध्याकाळीच का वर चढतो, याचे कारण मला वाटते हेच असावे, की त्या पानांची दखल फक्त चाचणी घेत होती.

उत्तर २ : एक पालक, हडपसर

माझी मुलगी नववीत आहे. शिक्षक मंडळी इतकी मेहनत घेतात याबद्दल मनापासून आदर आहे, म्हणूनच घरातील बाजू सांगते.

आमच्या घरी मोठा फोन एकच आहे आणि तो मुलीच्या वडिलांसोबत कामावर जातो. ते रात्री साडेआठला येतात. जेवण होईपर्यंत नऊ वाजतात आणि मग धाकट्यालाही फोन हवा असतो. मुलीच्या वाट्याला पंधरा-वीस मिनिटे येतात. एका शिक्षकांच्या पानावर फळ्याचे दहा फोटो होते. ते उघडता उघडताच तिचा वेळ संपला. मी ते तपासले तेव्हा एकेक फोटो चार एमबीचा निघाला. दुसऱ्या एका विषयाच्या पानावर उतरवून घेतलेली फाईल उघडली तर मराठी अक्षरांच्या जागी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे दिसत होती. मुलीला वाटले फोन बिघडला. नंतर कळले, की मजकूर जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टंकलिखित केलेला होता आणि तो फॉन्ट आमच्या फोनमध्ये असण्याची शक्यताच नव्हती.

माझी विनंती एवढीच, की पान तयार झाल्यावर ते शाळेतल्या संगणकावर न तपासता एखाद्या साध्या, जुन्या फोनवर उघडून पाहावे. प्रश्न पानाच्या सुरुवातीलाच असावा, म्हणजे मुलीला तो दोन मिनिटांत वहीत उतरवून घेऊन फोन परत देता येईल. तसेच सोमवारचा तो प्रश्न वर्गाच्या फलकावरही लिहावा. ज्या घरात त्या दिवशी फोन मिळाला नाही, त्या मुलाला गुरुवारी मान खाली घालून बसावे लागू नये.

वरच्या सरांच्या सावलीच्या प्रयोगाला फोन लागतच नाही, हे मला सर्वांत आवडले.

उत्तर ३ : निवृत्त मुख्याध्यापक, सदाशिव पेठ

बाई, आपला उपक्रम स्तुत्य आहे आणि कोथरूडच्या सरांनी अध्यापनाची बाजू उत्तम मांडली आहे. मी प्रशासनाच्या खुर्चीत बसून जे पाहिले, ते सांगतो.

आमच्या एका तरुण सहकाऱ्याने गणिताचे सुंदर संकेतस्थळ उभारले होते. जिओजेब्रा या गणिताच्या संगणक प्रणालीत स्वतः केलेल्या हलत्या आकृत्या, मुलांनी सोडवलेल्या भूमितीच्या रचना, दोन-तीन वेगवेगळ्या रीतींनी सोडवलेली एकेक उदाहरणे. आसपासच्या शाळांतील शिक्षकही ते वापरत असत. ते सहकारी दुसऱ्या गावी गेले. खाते त्यांच्या खासगी ईमेलचे होते, त्याचा परवलीचा शब्द शाळेत कुणालाच ठाऊक नव्हता. पुढे ते संकेतस्थळ ज्या मंचावर होते त्याची जुनी आवृत्ती बंद झाली, सूचना त्यांच्या न वापरलेल्या ईमेलवर येत राहिल्या आणि चार वर्षांचे काम नाहीसे झाले. त्यांच्याकडेही प्रत नव्हती. दूरध्वनीवर ते मला म्हणाले, ‘सर, आकृत्या मी पुन्हा करीन, पण मुलांच्या रीती आता कुठून आणू?’ म्हणून आग्रहाने सांगतो, की खाते शाळेच्या नावाने उघडावे, किमान दोन शिक्षकांकडे त्याचा अधिकार असावा आणि दर सत्राच्या अखेरीस सर्व पानांची एक प्रत शाळेच्या संगणकात ठेवावी.

दुसरी बाब मुलांच्या छायाचित्रांची आणि नावांची. कौतुकापोटी आपण मुलाचे पूर्ण नाव, तुकडी आणि छायाचित्र पानावर ठेवतो, आणि ते पान जगात कुणालाही उघडते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील व्यक्तीला बालक मानले आहे आणि तिची माहिती हाताळण्यापूर्वी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती अपेक्षिली आहे. कायदा बाजूला ठेवला तरी शिक्षक म्हणून आपल्याला हे जपायलाच हवे. गटांना नद्यांची किंवा किल्ल्यांची नावे द्यावीत. ‘मुळा गटाची नोंद’, ‘तोरणा गटाची नोंद’ असे लिहिले, तर वर्गाला सारे कळते आणि बाहेरच्याला काहीच कळत नाही. छायाचित्र हवेच असेल, तर हातांचे, वहीचे, साहित्याचे घ्यावे.

तिसरी बाब प्रताधिकाराची. पाठ्यपुस्तकांचे हक्क पाठ्यपुस्तक मंडळाकडे असतात. शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने मजकुराची प्रत करण्यास प्रताधिकार कायदा १९५७ च्या कलम ५२ मध्ये मुभा आहे, हे खरे. परंतु त्या आधारावर संपूर्ण पाठ किंवा खासगी प्रकाशनाचे मार्गदर्शक स्कॅन करून सर्वांना खुल्या असलेल्या पानावर ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दुवा देता येत असताना प्रत ठेवण्याचे कारणच नाही. नकाशांच्या बाबतीत तर विशेष काळजी घ्यावी, कारण इंटरनेटवरून उचललेल्या नकाशांत भारताच्या सीमा चुकीच्या दाखवलेल्या आढळतात. भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे किंवा पाठ्यपुस्तकातील नकाशा प्रमाण मानावा.

संकेतस्थळाचा आणखी एक उपयोग इथे कुणी मांडला नाही, म्हणून लिहितो. गैरहजर मुलांचा विचार करावा. गौरी-गणपतीला गावी गेलेली, पावसाळ्यात डेंग्यूने आठवडाभर अंथरुणाला खिळलेली मुले परत येतात तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो. अमेरिकेत वुडलंड पार्क येथील जोनाथन बर्गमन आणि एरन सॅम्स या रसायनशास्त्राच्या दोन शिक्षकांनी २००७ च्या सुमारास आपले पाठ ध्वनिचित्रमुद्रित करून ठेवले, ते मुख्यतः तास बुडालेल्या विद्यार्थ्यांसाठीच. त्यातून पुढे व्याख्यान घरी आणि सराव वर्गात या उलट मांडणीची चर्चा सुरू झाली. आपल्याला तेवढे करण्याची गरज नाही. ‘आज वर्गात काय झाले’ अशा चार-पाच ओळी रोज एका मुलाने लिहाव्यात आणि शिक्षकाने वाचून पानावर ठेवाव्यात. आमच्या शाळेत हे काम हजेरीपटाच्या क्रमाने सर्वांकडे जात असे. एरवी निबंधात चार वाक्ये न लिहिणारा एक मुलगा त्या दिवशी पूर्ण पान भरून देई, कारण त्याचा आजारी मित्र ते वाचणार होता.

प्रश्नकर्ती : भूगोल शिक्षिका, पर्वती

आपण सर्वांनी इतक्या तळमळीने लिहिलेत, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. काल रात्री मी संकेतस्थळावरील स्वाध्यायाची सर्व उत्तरे काढून टाकली. हात अडखळला, हे मान्य करते, कारण त्यामागे सुट्टीतील कितीतरी दुपारी होत्या. मुख्याध्यापकांशी बोलून खाते शाळेच्या नावाने करण्याचे ठरले आहे आणि विज्ञानाच्या बाई दुसऱ्या अधिकारी असतील. पालक ताईंच्या सांगण्यावरून पाने माझ्या आईच्या जुन्या फोनवर उघडून पाहिली; नकाशाचे पान उघडायला जवळजवळ एक मिनिट लागले. आता सर्व चित्रे लहान करून पुन्हा चढवत आहे.

सोमवारी आठवीसाठी सावलीचा प्रश्न ठेवणार आहे. त्याविषयी दोन शंका आहेत. जून ते सप्टेंबर आकाश ढगाळ असते, त्या काळात तक्ता रिकामा राहिला तर मुलांचा उत्साह टिकेल का? आणि एखाद्या गटाची नोंद उघड चुकीची आली, तर ती पानावर तशीच ठेवावी का? ‘पश्चिम’च्या अनुभवानंतर चुकीची गोष्ट पानावर राहू देण्याची मला भीती वाटते.

उत्तर ४ : विज्ञान शिक्षक, कोथरूड

ढगाळ दिवसाच्या रकान्यात मुलांना ‘ढग’ असे लिहायला सांगावे, रकाना रिकामा ठेवू नये. आमच्या तक्त्यात जुलैचा पूर्ण महिना ‘ढग’ आहे. मुलांनी त्यातूनच विचारले, की मे महिन्याच्या मध्याला पुण्यात सूर्य डोक्यावर येऊन सावली नाहीशी होते, तशी ती जुलैच्या अखेरीसही होत असणार. मग आपण ती कधी पाहिलीच कशी नाही? त्यांच्यापुढे ‘ढग’ लिहिलेले एकतीस रकाने होते.

चुकीच्या नोंदीबद्दल आपली भीती समजते. परंतु दोन चुकांमध्ये फरक आहे. आपल्या ‘पश्चिम’वर शिक्षकाचा शिक्का होता, म्हणून मुलांनी ते निमूटपणे उतरवले. गटाची नोंद ही गटाची असते आणि तिच्या शेजारी इतर गटांच्या नोंदी असतात, त्यामुळे विसंगती मुलांच्याच डोळ्यांत भरते. आमच्याकडे एका गटाची मध्यान्ह इतरांपेक्षा अकरा मिनिटे आधी आली होती. मी ती नोंद खोडली नाही, फक्त तिच्याभोवती लाल चौकट केली आणि खाली लिहिले, ‘कारण शोधा.’ गटाने आधी घड्याळ तपासले, मग वर्तुळ पुन्हा काढले. शेवटी त्यांच्यातील एक मुलगा, ज्याचे वडील गवंडीकाम करतात, घरून ओळंबा घेऊन आला. काठीला लावून पाहिला तर काठी पूर्वेकडे कलली होती. नोंद आजही पानावर आहे आणि तिच्याखाली त्या मुलाने स्वतः लिहिलेली ओळ आहे : ‘काठी तिरकी होती. ओळंब्याने कळले.’ आपणही काठी उभी करण्यापूर्वी एक ओळंबा जवळ ठेवावा. दोरीला बांधलेला जड नटसुद्धा चालतो.